प्रेसवर दोन बोटं गेली, त्यानंतरची अडीच वर्षं

हे मी मोबाईलवर बोलून टाईप करतोय, कारण उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं नाहीत आणि डाव्या हाताने एवढं लिहायला महिना जाईल. शुद्धलेखन सांभाळून घ्या. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये माझी केस पूर्ण संपली, पैसे खात्यावर आले, तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणत होतो. अपघात झाला तेव्हा कुठे जायचं, कोणाला विचारायचं हे सांगणारं मला एकही माणूस भेटलं नव्हतं, तसं दुसऱ्याचं होऊ नये एवढ्यासाठी लिहितोय.

मी मूळचा लातूरकडचा, औसा तालुका. पुण्याजवळ दिघीला खोली करून राहतो, भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये प्रेस ऑपरेटर होतो (प्रेस म्हणजे पत्रा साच्यात दाबून पीस काढायचं मशीन). सात माणसं, तीन प्रेस, एक ड्रिल. पगार 12,000, तो शेठ फोनपेवर टाकायचे, आणि ओव्हरटाईमचे दोन-अडीच हजार रोख हातात. ही रोख रक्कम पुढे किती महागात पडली ते सांगतोच.

17 ऑगस्ट 2022, बुधवार. गुरुवारी सुट्टी असते म्हणून बुधवारी रात्री माल काढायची घाई असायची. साधारण पावणेनऊ वाजले होते. पायडलवर चालणारी जुनी मेकॅनिकल प्रेस, डायसमोरचं म्हणजे साच्यासमोरचं गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून असतं ते) काढून ठेवलेलं कारण गार्ड असलं की पीस कमी निघतात. दोन दिवस क्लच त्रास देत होता, मी शेठना तोंडी सांगितलं होतं. पीस काढायला हात घातला आणि पायडलवर पाय नसताना प्रेस परत खाली आली. आमच्यात याला प्रेस रिपीट झाली म्हणतात. दुखलं नाही, खरंच, पहिले काही सेकंद काहीच कळलं नाही, हातमोजा रिकामा का दिसतोय एवढंच डोक्यात आलं.

सोबतच्या ओडिशाच्या पोराने फडकं बांधलं आणि बाईकवर घालून जवळच्या प्रायव्हेट हॉस्पिटलला नेलं. दहा-पंधरा मिनिटांत शेठ आले. ते काउंटरवर काय बोलले हे मला तेव्हा ऐकू आलं नाही. पाच दिवस ॲडमिट होतो, दोन ऑपरेशन झाली, बिल साधारण 62,000 आलं ते शेठनी भरलं, आणि मला तेव्हा तो देवमाणूस वाटला. डिस्चार्ज कार्ड बायकोने पिशवीत ठेवलं. ते आम्ही वाचलंच नाही. इंग्रजीत होतं, आणि दुखणं असं होतं की कागद वाचायचं कोणाच्या मनात येईल.

सप्टेंबरला अर्धा पगार आला. ऑक्टोबरला काहीच नाही. ड्रेसिंग, गोळ्या, फिजिओथेरपी सगळं आपल्या खिशातून. दिवाळी होऊन गेल्यावर शेठनी बोलावलं, चहा पाजला आणि 100 रुपयांचा स्टॅम्पपेपर पुढे केला. 50,000 घे आणि सही कर, डाव्या हाताने चालेल म्हणाले. त्यात लिहिलं होतं की सदर इसम आमच्याकडे कामाला नव्हता, माणुसकीच्या नात्याने मदत देत आहोत, यापुढे कुठलीही मागणी राहणार नाही. बायको सोबत होती. ती पोळीभाजी केंद्रात काम करते, सातवी शिकलेली, पण तिने तो कागद दोनदा वाचला आणि शेठसमोरच म्हणाली, "अहो, सही करू नका. कामाला नव्हता असं कसं लिहिलं यांनी?" आम्ही उठून आलो. निघताना तिने कागदाचा फोटो काढून घेतला होता हे मला घरी आल्यावर कळलं. तो फोटो पुढे कोर्टात लागला.

त्या रात्री पहिल्यांदा डिस्चार्ज कार्ड काढलं आणि शेजारच्या कॉलेजच्या मुलीला वाचायला दिलं. तिने वाचलं, मग थांबली, मग म्हणाली काका यात तुमची बोटं बाईकच्या चेनमध्ये अडकली असं लिहिलंय. मी ते कार्ड किती वेळ हातात धरून बसलो होतो मला आठवत नाही. बोटं गेली तेव्हा रडलो नव्हतो, त्या दिवशी रडलो.

मग सुरू झाली फिराफिरी. आधी ईएसआयच्या (कामगार राज्य विमा) ऑफिसात गेलो कारण सगळे म्हणाले ईएसआय असतंच. तिथे कळलं की आमच्या वर्कशॉपचा कोडच नाही, म्हणजे नोंदणीच नाही, दहा किंवा जास्त माणसं असली की ईएसआय लागू होतं आणि आम्ही सात. (तुमचं ईएसआय कापलं जात असेल तर तुमचा रस्ता वेगळा आहे हे लक्षात घ्या. तेव्हा कामावरच्या इजेसाठी ईएसआयकडूनच पैसे मिळतात, रजेच्या काळात पगाराच्या साधारण 90 टक्के आणि कायमचं अपंगत्व असेल तर मेडिकल बोर्ड ठरवेल तसं, आणि मग खाली लिहिलेली केस करता येत नाही. त्यामुळे सगळ्यात आधी हेच बघा की तुम्ही ईएसआयमध्ये आहात की नाही.) मग लेबर ऑफिस. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं, म्हणाले राहिलेल्या पगाराचा अर्ज आमच्याकडे द्या पण बोटांची भरपाई कोर्टाचं काम आहे, डब्ल्यूसीची केस करा. डब्ल्यूसी म्हणजे वर्कमन कॉम्पेन्सेशन, 1923 चा कायदा. 2010 मध्ये त्याचं नाव बदलून कर्मचारी भरपाई कायदा झालं पण सगळे अजून डब्ल्यूसीच म्हणतात. महाराष्ट्रात तेव्हा ही केस लेबर कोर्टात चालायची, आणि अपघातापासून दोन वर्षांच्या आत टाकावी लागायची (21 नोव्हेंबर 2025 पासून कायदा बदललाय, ते शेवटी लिहिलंय). माझे तोपर्यंत साडेतीन-चार महिने गेले होते.

वकील शोधणं हा सगळ्यात वाईट भाग. जानेवारी 2023 मध्ये गावाकडच्या ओळखीने एका वकिलांकडे गेलो, ते म्हणाले 15,000 आधी आणि जे मिळेल त्यातले 30 टक्के. दुसरे गाडीच्या अपघाताच्या केसेस करणारे, त्यांनी डिस्चार्ज कार्ड बघितलं, बाईकची चेन वाचलं आणि म्हणाले यात काही दम नाही. तिसऱ्यांनी दोन तास बसवून ठेवलं आणि भेटलेच नाहीत. बायकोच्या बहिणीकडून 40,000 उसने घेतलेले, खोलीचं भाडं 4,500, पोरीची शाळा. एका रात्री मी बायकोला म्हणालो की जाऊ दे, 50,000 घेऊन टाकू. ती काही बोलली नाही, नुसती पाठ फिरवून झोपली.

रस्ता दाखवला तो झेरॉक्सवाल्याने. शिवाजीनगर कोर्टासमोर कागदांच्या झेरॉक्स काढत होतो, त्याने हाताकडे बघून विचारलं काय झालं, आणि सांगितलं की आत जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फुकट वकील देतात, तिथे जा. मला वाटायचं फुकट वकील फक्त जेलमधल्या लोकांना मिळतो. तसं नाही. 1987 च्या कायद्यात बाया, मुलं, एससी-एसटी, अपंग यांच्यासोबत औद्योगिक कामगार असं स्पष्ट लिहिलेलं आहे आणि या लोकांना उत्पन्नाची अट नाही. 15100 हा त्यांचा हेल्पलाईन नंबर, मला तो खूप उशिरा कळला.

7 फेब्रुवारी 2023 ला अर्ज दिला. छापील फॉर्म, आधार, रेशनकार्ड, दोन फोटो आणि काय झालं ते एका पानावर मराठीत लिहून. लिहून मागतील म्हणून घरूनच लिहून न्या, तिथे घाईत निम्मं सुटतं. खर्च झेरॉक्सचा फक्त. तीन आठवड्यांनी फोन आला की वकील नेमले, एक मॅडम. फुकटचा वकील लक्ष देत नाही असं मला चार जणांनी सांगितलं होतं. मॅडमनी पहिल्या दिवशी दीड तास ऐकून घेतलं आणि मधे एकदाही मोबाईल बघितला नाही. सगळेच असे भेटतील असं मी म्हणत नाही, पण न पटल्यास वकील बदलून मागता येतो.

मॅडमनी दोन गोष्टी सांगितल्या ज्याने माझी छाती मोकळी झाली. मी अपराध्यासारखं म्हणत होतो की मॅडम हात मीच घातला, चूक माझीच. त्या म्हणाल्या दादा, या कायद्यात मालकाची चूक होती हे सिद्ध करावं लागत नाही, काम करताना कामामुळे इजा झाली एवढंच दाखवायचं, तुम्ही दारू पिऊन किंवा मुद्दाम गार्ड काढून काम केलं असतं तर प्रश्न होता. आणि दुसरं, तो स्टॅम्पपेपर. सही केली असती तरी कामगाराने भरपाईचा हक्क सोडला असं लिहून घेणं कायद्याने चालत नाही, कोर्टात न नोंदवलेला करार टिकत नाही. पण सही केली असती तर कामाला नव्हता हे माझ्याच सहीने त्यांच्याकडे राहिलं असतं, ते निस्तरायला जड गेलं असतं. म्हणजे बायकोनेच वाचवलं. शिवाय 2017 पासून मालकानेच कामगाराला या हक्काची माहिती नोकरीवर घेताना लेखी द्यायची असं कायद्यात आहे. मी बारा वर्षं भोसरीत काम केलं, एकाही ठिकाणी असा कागद बघितला नाही.

आता डिस्चार्ज कार्डचं. मॅडम म्हणाल्या हॉस्पिटलला लेखी अर्ज द्या, पूर्ण इनडोअर केस पेपर (ॲडमिट असतानाचे सगळे कागद) मागा, नुसतं डिस्चार्ज कार्ड नाही. पेशंटने मागितल्यावर 72 तासांत कागद द्यायचे असा नियम आहे. मी अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली (हे कुठेही विसरू नका, पोच घेतल्याशिवाय कुठल्याच टेबलावर कागद सोडायचा नाही), पाचव्या दिवशी 600 रुपये भरून 43 पानं मिळाली. मॅडमनी एकेक पान बघितलं. नवव्या पानावर कॅज्युअल्टीची नोंद होती, रात्री 9.10 ची, शेठ यायच्या आधीची. ड्युटीवरच्या डॉक्टरने त्या ओडिशाच्या पोराला विचारून लिहिलेलं, प्रेस मशीनमध्ये क्रश इंज्युरी (चिरडून झालेली इजा), कंपनीत काम करताना. बाईकची चेन त्यानंतरच्या कागदांवर आली होती. ते पान बघून मॅडम मोठ्याने हसल्या, मला आधी कळेचना काय झालं.

डिसेंबरमध्ये मी पोलीस चौकीतही अर्ज दिला होता, इतके दिवस कुठे होता म्हणून ऐकून घ्यावं लागलं, पण शिक्का मारलेली प्रत मिळाली. बाकी पुरावा म्हणजे बँकेच्या पासबुकात दर महिन्याला शेठच्या खात्यातून आलेले 12,000, आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज, "उद्या सकाळी लवकर ये, अर्जंट माल आहे" असले. मोबाईल बदलायचा होता तो मी बदलला नाही, स्क्रीन फुटलेली तरी तोच वापरला, मॅडमनी सांगितलं होतं मूळ मोबाईल लागेल. ओडिशाचा पोरगा तोपर्यंत गावी निघून गेला होता. दुसरा एक सोबती साक्ष देतो म्हणाला आणि मग त्याचा फोन लागेना. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला दोन पोरं आहेत आणि तो अजून तिथेच कामाला आहे.

मार्च 2023 ला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. उत्तर आलं की सदर इसमास आम्ही ओळखत नाही. मे महिन्यात केस दाखल झाली, कोर्ट फी नाममात्र. जुलैत पहिली तारीख. कायद्यात लिहिलं होतं की तीन महिन्यांत निकाल लावावा, प्रत्यक्षात माझ्या 14 तारखा झाल्या. कधी समोरचे वकील नाहीत, कधी जज साहेबांची बदली. दर तारखेला बस, चहा, झेरॉक्स धरून दीडशे रुपये आणि कधी त्या दिवसाचा रोजही बुडायचा, कारण तोपर्यंत मी एका सोसायटीत 10,000 वर वॉचमन म्हणून लागलो होतो. तिथल्या सेक्रेटरी काकूंना मी सगळं खरं सांगितलं होतं, त्या तारखेच्या दिवशी ड्युटी बदलून द्यायच्या. तारीख लगेच मोबाईलवर ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये बघायची सवय लावा, माझी एक चक्कर उगाच झाली तेव्हापासून मी आदल्या रात्री बघायचो.

उलटतपासणी जानेवारी 2024 ला झाली. आदल्या रात्री झोप नाही. मॅडमनी एवढंच सांगितलं होतं की विचारलं तेवढंच बोला, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. समोरच्या वकिलांनी डिस्चार्ज कार्ड हातात देऊन विचारलं, यात बाईकची चेन लिहिलंय हे खरं का? मी म्हणालो लिहिलंय हे खरं, झालं ते तसं नाही. मग गार्ड तुम्हीच काढलं का, मग आता तुम्ही 10,000 कमावता म्हणजे नुकसान काय. या शेवटच्या प्रश्नाला माझा आवाज कापला. मी म्हणालो, साहेब, मला पोरीची वेणी घालता येत नाही. ते उत्तर कोर्टाच्या कामाचं नव्हतं बहुतेक, पण तोंडातून तेच आलं. पुढच्या तारखेला हॉस्पिटलचे डॉक्टर समन्सवर आले आणि नवव्या पानावरची नोंद त्यांच्याच हॉस्पिटलची आहे हे त्यांनी मान्य केलं. शेठना पासबुकातल्या 12,000 बद्दल विचारलं तर ते म्हणाले हातउसने दिले होते. दर महिन्याला, तेवढेच, 19 महिने.

हिशोब कसा होतो ते लिहितो कारण कोणी समजावून सांगत नाही. पगाराचे 60 टक्के, गुणिले वयाचा एक आकडा जो कायद्याच्या तक्त्यात असतो, मी 34 चा होतो त्याला 199.40, आणि मग कमाईची ताकद किती टक्के गेली तो आकडा. एका हाताची दोन बोटं गेली तर कायद्याच्या यादीत 20 टक्के लिहिलेत. माझा पगार 12,000 धरला, म्हणजे 7,200 गुणिले 199.40 गुणिले 20 टक्के, 2,87,136 रुपये. ओव्हरटाईम धरून 14,500 मिळायचे असं आम्ही सांगितलं होतं पण रोख रकमेचा पुरावा नव्हता. ते धरले असते तर 3,46,956 झाले असते. तेव्हा ओव्हरटाईमसुद्धा खात्यावर मागा, नाहीतर निदान वहीत तारीख घालून लिहून ठेवा. 20 टक्क्यांपेक्षा जास्त मिळावं म्हणूनही मॅडम भांडल्या, त्यांनी सुप्रीम कोर्टाचा 1975 चा एक निकाल दाखवला, त्यात एका सुताराचा डावा हात गेला होता आणि तो सुतारकाम करूच शकत नाही म्हणून 100 टक्के धरले होते. माझ्यात कोर्टाने यादीतलेच 20 धरले. सरकारी दवाखान्यातून मिळतं ते अपंगत्वाचं सर्टिफिकेट वेगळं, त्यावरचे टक्के आणि हे टक्के एक नसतात, माझ्या सर्टिफिकेटवर कमी होते. ते बघून घाबरून जाऊ नका.

26 नोव्हेंबर 2024 ला निकाल लागला. 2,87,136, अपघातापासून 12 टक्के व्याज, आणि दवाखान्याचे 11,300. माझे खिशातले 18,000 तरी गेले होते पण बिलं तेवढ्याचीच होती, मेडिकलवाल्याकडून पक्कं बिल घ्यायला मला तेव्हा लाज वाटायची. वर 50 टक्क्यांपर्यंत दंड लावता येतो, तो लागला नाही. मॅडमनी विचारलं हायकोर्टात जायचं का. मी नाही म्हणालो. मालकाला अपील करायचं तर आधी सगळी रक्कम कोर्टात भरावी लागते, त्यांनीही केलं नाही, फेब्रुवारी 2025 मध्ये व्याजासकट पैसे कोर्टात जमा केले. मालक पैसे थेट हातात देतो म्हणाला तर घेऊ नका, कोर्टातच जमा करायला सांगा. मग पैसे काढायचा वेगळा अर्ज, आधार, पासबुक, कॅन्सल चेक, आणि एप्रिलमध्ये मेसेज आला. व्याज 86,000 च्या आसपास, सगळे मिळून 3,84,577.

मॅडमना काहीतरी द्यायला गेलो तर त्या म्हणाल्या विधी सेवाच्या केसमध्ये पक्षकाराकडून एक रुपया घेता येत नाही. बायकोने पुरणपोळ्या करून नेल्या, त्या मात्र घेतल्या. मेहुणीचे 40,000 दिले, बाकीचे पोरीच्या नावावर टाकलेत. थंडीत नसलेल्या बोटांच्या जागी अजून कळ येते, डॉक्टर म्हणतात होतं असं.

या डिसेंबरमध्ये आमच्या चाळीतल्या 22 वर्षांच्या पोराचा अंगठा गेला, चाकणकडे, कंत्राटदारामार्फत लागलेला. त्याच्या आईने रात्री अकराला मला हाक मारली. मी रिक्षा करून हॉस्पिटलला गेलो, कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना म्हणालो, साहेब, काय झालं ते पोरालाच विचारून लिहा, मशीनचं नाव लिहा, कंपनीचं नाव लिहा, आणि एमएलसी (पोलिसांना कळवायची दवाखान्यातली नोंद) करा. त्यांनी लिहिलं. मी पानाचा फोटो काढला आणि त्याच्या आईच्या मोबाईलवर पाठवला. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीये, त्यामुळे त्याचं प्रकरण माझ्यासारखं 1923 च्या कायद्यात जाणार नाही. त्याचं ईएसआय कापलं जात होतं की नाही ते कंत्राटदार नीट सांगत नाहीये, पगाराच्या स्लिपा गोळा करतोय. मागच्या आठवड्यात दोघं मिळून विधी सेवाच्या टेबलावर अर्ज दिला, पोच घेतलीये. वकील अजून मिळायचाय.